नकळत होणारी काटामारी: प्रोग्रॅमचा वेग प्रामाणिकपणे कसा मोजावा

बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात ऊस पिकवणाऱ्याला वजनकाट्याचे शास्त्र शिकवावे लागत नाही. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते आणि वजन होते. ऊस उतरवल्यावर रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते आणि तेही वजन होते. दोहोंची वजाबाकी काटा पावतीवर छापून मिळते. एवढ्या साध्या वजाबाकीत खोट कुठे कुठे शिरू शकते, हे कोणताही शेतकरी घडाघडा सांगेल: काटा आधी शून्यावर होता का, मागचे चाक काट्याच्या बाहेर तर राहिले नाही ना, पहिल्या वजनाच्या वेळी ट्रॅक्टरवर बसलेला चालक दुसऱ्या वेळीही बसलेला होता का. संगणकाच्या प्रोग्रॅमचा वेग मोजणे हे याच जातीचे काम आहे. फरक एवढाच की इथली काटामारी बहुतेक वेळा आपणच आपल्यावर करतो आणि हातात आलेली पावती खरी मानून मोकळे होतो.

माझ्या पुतण्याने केलेल्या एका मोजणीपासून सुरुवात करतो. तो अभियांत्रिकीला आहे आणि सुट्टीत त्याने एका हंगामाच्या काटा पावत्या सभासदांच्या नावानुसार लावून देणारी छोटी स्क्रिप्ट पायथन भाषेत लिहिली होती. पायथनमध्ये यादी क्रमाने लावण्याचे दोन प्रचलित मार्ग आहेत. ‘सॉर्टेड’ हे फंक्शन मूळ यादीला हात न लावता क्रमाने लावलेली नवी यादी देते, तर ‘सॉर्ट’ ही यादीची स्वतःची क्रिया मूळ यादीच जागच्या जागी लावून टाकते. त्याने दोन्ही मार्ग शंभर-शंभर वेळा चालवले, सरासरी काढली आणि मला हाक मारली, “काका, हे बघा की, सॉर्ट कितीतरी पटीने जलद आहे, सॉर्टेड वापरूच नका.” आकडे खरोखर तसेच होते आणि त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा होता.

घडले होते ते असे. सॉर्टेडच्या शंभर फेऱ्यांत मूळ यादी विस्कळीतच राहत होती, त्यामुळे प्रत्येक फेरीला पूर्ण काम करावे लागत होते. सॉर्टच्या पहिल्या फेरीतच मूळ यादी क्रमाने लागली आणि उरलेल्या नव्व्याण्णव फेऱ्यांत आधीच लागलेली यादी पुन्हा लावण्याचे नाटक तेवढे चालले. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी रचलेली ‘टिमसॉर्ट’ ही पद्धत यादीत आधीपासून क्रमाने असलेले तुकडे ओळखते आणि त्यांचा फायदा घेते. १ लाख नावांची यादी आधीच क्रमाने असेल तर ९९,९९९ तुलनांत काम संपते. तीच यादी पिसलेल्या पत्त्यांसारखी असेल तर सुमारे १५ लाख तुलना लागतात. म्हणजे पुतण्या दोन पद्धतींची तुलना करत नव्हता, तो भरलेल्या आणि रिकाम्या ट्रॉलीची तुलना करत होता. गंमत अशी की चाचण्यांचा क्रम उलटा लावून सॉर्ट आधी चालवले असते, तर सॉर्टेडलाही आयती लागलेली यादी मिळाली असती आणि दोन्ही विजेच्या वेगाने धावताना दिसल्या असत्या. प्रत्येक फेरीला मूळ यादीची ताजी प्रत दिल्यावर दोघांतला फरक जवळपास नाहीसा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, कारण सॉर्टेड हे फंक्शन आतून यादीची प्रत काढून तिच्यावर सॉर्टच चालवते.

मोजणीच्या चुकांपैकी सर्वांत मोठा वाटा माझ्या मते याच प्रकारचा आहे: घड्याळ बरोबर असते, पण एका बाजूने काम केलेलेच नसते. स्क्रिप्टिंग भाषेत याला विशेष वाव मिळतो, कारण आपण लिहिलेली ओळ आणि प्रोसेसर यांच्यामध्ये इंटरप्रिटर नावाचा दुभाषी बसलेला असतो. कन्नडमधला कागद वाचून घेण्यासाठी शेजाऱ्याकडे गेलेल्या सीमाभागातल्या माणसाला दुभाष्याचा स्वभाव ठाऊक असतो. तो काही गोष्टी आधीच मनात जुळवून ठेवतो आणि काही विचारल्याशिवाय सांगत नाही. पायथनचा दुभाषीही तसाच आहे. दिवसाचे सेकंद काढण्यासाठी २४ गुणिले ६० गुणिले ६० असे लिहिले, तर तो गुणाकार प्रोग्रॅम धावण्यापूर्वीच करून ८६,४०० हा आकडा लिहून ठेवतो, त्यामुळे ‘गुणाकाराला किती वेळ लागतो’ हे त्या ओळीवरून मोजताच येत नाही. उलट बाजूने, पायथन ३ मधील ‘मॅप’ हे फंक्शन बोलावल्याबरोबर काहीच करत नाही. मागणी येईल तसा एकेक घटक देईन, असे केवळ आश्वासन ते देते. यादीवर साधा लूप फिरवणारा मार्ग आणि मॅप यांची तुलना करताना मॅपचा निकाल कोणी वापरलाच नाही, तर मॅप हजारो पटींनी जलद दिसेल. उधारीवर माल देणारा दुकानदार रोकड घेणाऱ्यापेक्षा स्वस्त वाटावा, तसला हा प्रकार आहे.

म्हणून घड्याळाला हात लावण्यापूर्वी दोन्ही मार्गांची उत्तरे काढून ती तंतोतंत एकसारखी आहेत का, हे पाहावे. हे सांगणे पोरकट वाटेल, पण मॅपची वर सांगितलेली गफलत एवढ्या एका तपासणीत उघडी पडली असती.

आता परिस्थितीकडे येऊ. त्याच सुट्टीत एका दुपारी पहिली स्क्रिप्ट मोजून झाली, दुसरी सुरू झाली आणि लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, मोजणी न थांबता पूर्ण झाली आणि दुसरी स्क्रिप्ट चांगलीच मंद ठरली. बॅटरीवर जाताच लॅपटॉपने वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरची गती उतरवली होती, एवढाच त्याचा अर्थ होता. लाईट गेली नाही तरी हे होतेच: थंड प्रोसेसर सुरुवातीला काही काळ चढ्या गतीने धावतो आणि तापल्यावर स्वतःला आवरतो. एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली ठेवलेल्या पातळ लॅपटॉपवर जी चाचणी आधी होते ती जिंकते, असा अनुभव अनेकांना येत असेल. आमच्याकडे खाली, म्हणजे रिकामा, गाडा पळवण्याच्या शर्यती होतात. बैलजोड्या एकीमागून एक धावतात आणि सकाळची दमट, घट्ट वाट दुपारपर्यंत उखणून भुसभुशीत झालेली असते, हे पाहणाऱ्यांना दिसत असते. प्रोग्रॅमच्या बाबतीत आपल्याला सोय अशी आहे की एकच जोडी कितीही वेळा पळवता येते. तेव्हा पहिल्या मार्गाच्या सगळ्या फेऱ्या आणि मग दुसऱ्याच्या सगळ्या, असे न करता पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, अशा आलटून पालटून फेऱ्या घ्याव्यात. वाट बिघडली तर ती दोघांसाठी सारखीच बिघडते. चार्जर लावलेला असावा आणि ब्राउझर बंद असावा, हे ओघाने आलेच.

फाइल वाचण्याची चाचणी असेल तर आणखी एक दक्षता लागते. पावत्यांची फाइल पहिल्यांदा वाचताना ती डिस्कवरून येते. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम तिची प्रत मेमरीत सांभाळून ठेवते आणि पुढचे वाचन कितीतरी लवकर होते. पहिल्यांदा वाचणाऱ्या मार्गाने रस्ता करायचा आणि दुसऱ्याने त्यावरून सुखाने जायचे, असा हा अन्याय आहे. उपाय सोपा आहे: मोजणीपूर्वी फाइल एकदा कोरडीच वाचून टाकावी, म्हणजे दोघांनाही रस्ता तयार मिळेल.

घड्याळाबद्दल थोडक्यात सांगतो. ‘टाइम’ या मॉड्यूलमधले, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचातले, त्याच नावाचे फंक्शन भिंतीवरच्या घड्याळासारखे आहे, आणि इंटरनेटवरून वेळ जुळवताना सिस्टीम ते मध्येच मागे-पुढे सरकवू शकते. अवधी मोजण्यासाठी पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘पर्फ काउंटर’ उपलब्ध आहे. ते कधी मागे जात नाही आणि अतिशय बारीक अंतर मोजते. त्याच आवृत्तीत आलेले ‘प्रोसेस टाइम’ आपल्या प्रोग्रॅमने प्रोसेसर प्रत्यक्ष वापरला तेवढाच वेळ धरते आणि थांबून राहण्यातला वेळ सोडून देते. नेटवर्कवरून माहिती आणणारी स्क्रिप्ट या घड्याळाने मोजली तर ती फुकटात काम करते असे वाटेल, म्हणून कोणते घड्याळ वापरले हे लिहून ठेवणे बरे.

बारीक कामे मोजताना वेगळी अडचण येते. उसाच्या काट्यावर एक तीळ ठेवून त्याचे वजन कळत नाही. पोतेभर तीळ ठेवून दाण्यांच्या संख्येने भागावे लागते. पायथनमधले ‘टाइमइट’ हे मॉड्यूल हेच करते. वेगळे काही सांगितले नाही तर ते दिलेली ओळ १० लाख वेळा चालवते. कमांड लाइनवरून बोलावल्यास एकूण अवधी किमान ०.२ सेकंद भरेल इतक्या फेऱ्या ते स्वतःच ठरवते आणि सध्याच्या आवृत्त्यांत असा संच ५ वेळा घेते. आपली ओळ ते एका फंक्शनच्या आत बसवून चालवते, हेही ध्यानात असावे, कारण फंक्शनच्या आतली नावे ठराविक खणातून उचलली जातात, तर फंक्शनबाहेर उघड्यावर लिहिलेल्या कोडमधले प्रत्येक नाव डिक्शनरीत, म्हणजे नावावरून किंमत शोधून देणाऱ्या तक्त्यात, शोधावे लागते. एक मार्ग फंक्शनमध्ये आणि दुसरा उघड्यावर लिहून केलेली तुलना त्यामुळे पहिल्याच पावलाला झुकलेली असते. शिवाय टाइमइट मोजणीपुरती कचरा गोळा करणारी यंत्रणा, म्हणजे गार्बेज कलेक्शन, बंद ठेवते. आकडे त्यामुळे स्थिर येतात. पण लाखो लहान वस्तू निर्माण करणाऱ्या मार्गाला प्रत्यक्ष वापरात ती झाडलोट भरावी लागणार असेल, तर मोजतानाही ती सुरू करणेच न्याय्य आहे.

पाच संचांतून पाच आकडे आले, आता कोणता धरायचा? शाळेतल्या सवयीने आपण सरासरी काढतो. टाइमइटचे अधिकृत मार्गदर्शन मात्र सर्वांत लहान आकड्याकडे पाहायला सांगते, आणि त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे: दुसरे प्रोग्रॅम मध्ये आल्यामुळे मोजलेला वेळ वाढतो, कमी कधी होत नाही, म्हणून लहानात लहान आकडा हा त्या यंत्राच्या खऱ्या क्षमतेच्या सर्वांत जवळ असतो. प्रोसेसरवरच्या छोट्या कामांसाठी मी हेच मानतो. पण डिस्क, नेटवर्क किंवा डेटाबेस यांत अडकलेल्या कामाची चढउतार हाच त्याचा स्वभाव असतो. तिथे किमान आकडा सांगणे म्हणजे रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्याने बेळगावहून निपाणीला लागलेला वेळ रोजचा म्हणून सांगणे. अशा ठिकाणी मधला आकडा द्यावा आणि आकडे किती पसरले आहेत तेही सांगावे. दोन मार्गांतला फरक त्या पसाऱ्यापेक्षा लहान असेल, तर कोणी जिंकले असे म्हणूच नये.

हा पसारा एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम एकदाच सुरू करून, मोजल्यास पूर्ण दिसत नाही, ही गोष्ट अनेक अनुभवी लोकही विसरतात. पायथन ३.३ पासून अक्षरमालांचे हॅश, म्हणजे डिक्शनरीत जागा ठरवणारे आकडे, प्रोग्रॅम सुरू होताना घेतलेल्या यादृच्छिक बीजावर अवलंबून असतात. त्यामुळे तीच नावे एका प्रोसेसमध्ये सुटी सुटी बसतात आणि दुसरीत एकमेकांच्या जागेवर जास्त आदळतात. एका प्रोसेसमध्ये हजार फेऱ्या घेतल्या तरी बीज एकच राहते, म्हणजे एकाच पोत्यातून हजार मुठी काढून साऱ्या गोदामाचा भाव ठरवल्यासारखे होते. व्हिक्टर स्टिनर यांचे ‘पायपर्फ’ हे साधन याच कारणाने एका चाचणीसाठी साधारणपणे २० स्वतंत्र प्रोसेस सुरू करते आणि प्रत्येकीची पहिली फेरी सरावाची म्हणून सोडून देते.

परंतु आमच्या भागातल्या माणसाला सर्वांत जास्त फसवतो तो चाचणीचा माल. पुतण्याने इंग्रजी अक्षरे उलटसुलट जुळवून १ लाख बनावट नावे तयार केली होती. सीमाभागातल्या खऱ्या यादीत मराठी नावे देवनागरीत असतात, कन्नड नावे कन्नड लिपीत असतात आणि काही कोणी तरी घाईने इंग्रजीत टाइप केलेली असतात. पायथनसाठी हे तीन प्रकार सारखे नाहीत. इंग्रजीसारख्या लॅटिन अक्षरांच्या नावाला पायथन दर अक्षरचिन्हामागे १ बाइट वापरते, देवनागरी आणि कन्नडला २ बाइट लागतात. २०१८ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून यादी क्रमाने लावताना सगळीच नावे १ बाइटवाली असतील तर तुलनेचा एक खास जवळचा मार्ग घेतला जातो, आणि यादीत एक जरी देवनागरी नाव शिरले तरी तो मार्ग संपूर्ण यादीसाठी बंद होतो. म्हणजे इंग्रजी नावांवर मिळालेला वेग आपल्या यादीला मिळणारच नाही.

त्यात आडनावे आधी लिहायची आपली रीत. बनावट नावे बहुधा पहिल्याच अक्षराला वेगळी पडतात आणि तुलना तिथेच संपते. खऱ्या यादीत एकापाठोपाठ शेकडो पाटील येतात. त्यांची तुलना करताना आडनाव संपेपर्यंत, कधी पुढचे नाव संपून वडिलांच्या नावापर्यंत, अक्षरे ताडत जावे लागते. नावे शोधण्याच्या चाचणीत याहूनही सूक्ष्म खोट असते. पायथन एकदा काढलेला हॅश त्या अक्षरमालेबरोबरच जपून ठेवते, आणि दोन्ही बाजूंना मेमरीतली तीच वस्तू असेल तर अक्षरे न पाहताच ‘समान’ म्हणते. यादीतलेच नाव उचलून यादीत शोधणारी चाचणी हे दोन्ही फायदे फुकट घेते, तर प्रत्यक्षात फाइलमधून वाचलेले प्रत्येक नाव ही नवी वस्तू असते आणि तिला हे फायदे पहिल्यांदा मिळत नाहीत. उपाय एकच: खऱ्या पावत्यांतून, व्यक्तिगत तपशील झाकून, पण लिपी, लांबी आणि आडनावांचे प्रमाण कायम ठेवून चाचणीचा माल बनवावा.

तयारीचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडायचा, हाही प्रामाणिकपणाचाच प्रश्न आहे. सभासद यादीत आहे का, हे लिस्टमध्ये, म्हणजे साध्या यादीत, शोधायचे तर सुरुवातीपासून एकेक नाव पाहावे लागते. ‘सेट’, म्हणजे हॅशनुसार नावे ठेवणारा संग्रह, असेल तर हॅशवरून जवळपास थेट जागेवर जाता येते. पण लिस्टचा सेट बनवण्यासाठी संपूर्ण लिस्ट एकदा चालावी लागते. हंगामभरात लाखभर वेळा शोधायचे असेल तर तो खर्च नगण्य आहे. एकदाच शोधायचे असेल तर सेट बनवणारा मार्गच महाग पडू शकतो. तेल घेण्यापूर्वी रिकाम्या बरणीचा धडा करतात, तसा तयारीचा वेळ वेगळा काढता येतो, मात्र बरणी दर वेळी नवी विकत घ्यायची असेल तर तिची किंमत तेलात धरलीच पाहिजे. त्याशिवाय यादी १०, १,००० आणि १ लाख नावांची असताना आकडे कसे बदलतात तेही पाहावे. दहा नावांवर जिंकणारा मार्ग लाखावर हरतो, असे वारंवार होते.

आवृत्तीचा उल्लेख न केलेला कोणताही आकडा मी अलीकडे वाचतच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेले पायथन ३.११ हे ३.१० पेक्षा सरासरी १.२५ पट जलद असल्याचे त्याच्या अधिकृत माहितीत म्हटले आहे, कारण त्यात वारंवार धावणाऱ्या ओळी ओळखून इंटरप्रिटर स्वतःला जुळवून घेतो. जुन्या लेखातले ‘अमुक मार्ग तमुकपेक्षा जलद’ हे वाक्य नव्या आवृत्तीत सरळ खोटे ठरू शकते.

शेवटी पुतण्याच्या स्क्रिप्टकडे परत येतो. सगळी पथ्ये पाळून मोजल्यावर सॉर्ट आणि सॉर्टेड बरोबरीत सुटले, तेव्हा मी त्याला पूर्ण स्क्रिप्टवर प्रोफाइलर चालवायला सांगितले. प्रोफाइलर प्रत्येक फंक्शनच्या हाकेवर स्वतःचा भार टाकतो, म्हणून दोन मार्गांची तुलना त्याने करू नये, पण वेळ कुठे जातो हे त्याच्याकडून कळते. क्रम लावण्यात वेळेचा अगदी किरकोळ भाग जात होता. सिंहाचा वाटा पावतीवरची तारीख ‘स्ट्रपटाइम’ या फंक्शनने वाचण्यात जात होता, आणि ते फंक्शन संथ म्हणून प्रसिद्धच आहे. त्याने लगेच दुसरा मार्ग लिहिला: तारखेची पहिली दोन अक्षरे दिवस, मधली दोन महिना, शेवटची चार वर्ष, असे तुकडे करून थेट आकडे घ्यायचे. ताजा माल, चार्जर लावलेला, आलटून पालटून फेऱ्या, सगळे नीट करून त्याने मोजले आणि हा मार्ग खरोखर कितीतरी जलद निघाला. मग मी त्याला एवढेच विचारले की दोघांची उत्तरे सर्व पावत्यांवर ताडून पाहिलीस का. त्याने पूर्ण फाइल चालवली, तेव्हा कोणी तरी ५/३/२०२४ अशी शून्याशिवाय लिहिलेली एक तारीख आली. स्ट्रपटाइमने ती निमूटपणे वाचली आणि जलद मार्ग त्या पावतीवर चूक दाखवून थांबला.